लीनाला थंडी वाजेल म्हणून

आमच्या स्ट्रीटवर विंटर टायर, म्हणजे बर्फात न घसरणारे, कधी बसवायचे हे हवामान बघून ठरत नसे, सिल्व्हानो बघून ठरत असे. ऑक्टोबर लागला की पहिल्याच आठवड्यात हा माणूस घरोघरच्या ड्राइव्हवेवर फिरायचा. डोक्यावर वर्तमानपत्राच्या घडीची कागदी टोपी, अंगात ढगळ स्वेटर, हातात एक नाणं. गाडीपाशी वाकायचा, टायरच्या खाचेत नाणं उभं धरून खाच किती झिजलीय ते बघायचा आणि मग बेल वाजवायचा. बाहेर छान ऊन असायचं, मेपलची पानं अजून झाडावरच. कुणी म्हटलं, ‘बर्फाला अजून महिना आहे,’ तर म्हणायचा, ‘बर्फ तुला फोन करून येणार आहे का?’

माझ्या नवऱ्याला, आमच्या ग्रेगरींना, तर फार छळायचा.

‘ग्रेगोरियो, बायकोशी भांडलास का?’

‘नाही रे बाबा. का?’

‘मग या टायरवर तिला ग्रोसरीला कशाला पाठवतोस?’

आम्ही हसायचो. सगळी स्ट्रीट हसायची. आणि हसण्याचं आणखी एक कारण म्हणजे सिल्व्हानोकडे स्वतःची गाडीच नव्हती. पार्लमेंटात असावा तसा टायरांवर भाषण द्यायचा आणि स्वतः बसच्या स्टॉपवर उभा.

मी बावीस वर्षांपूर्वी वसईहून टोरांटोजवळच्या या गावात मुलाकडे आले, तेव्हा मला इंग्रजी येत होतं ते वाचण्यापुरतं. बोलायची वेळ आली की घशात केळ्याचा घास अडकल्यासारखं व्हायचं. पहिल्या आठवड्यात शेजारच्या कुंपणावरून एक कागदी टोपी वर आली आणि तिच्याखाली दोन पांढऱ्या भुवया. पांढऱ्या म्हणजे वयानं नव्हे, धुळीनं.

‘नाव?’

‘फिलोमिना.’

त्यानं हातातली हातोडी खाली ठेवली. घरात तोंड करून ओरडला, ‘अस्सुंता! इंडियातून माझी आई आली!’

त्याच्या आईचं नाव फिलोमेना. डोंगरातल्या गावची, अकरा लेकरांची आई. कुठे इटलीतला तो मार्बलच्या खाणींचा डोंगर आणि कुठे आमची वसईतली वाडी, पण नाव एकच. त्या दिवसापासून मी त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असून त्याची आई झाले. अस्सुंता, त्याची बायको, टोमॅटोची टोपली घेऊन आली. गोल, ठेंगणी, काळ्या कपड्यातली बाई. ती फारसं बोलत नसे. सिल्व्हानो दोघांचं बोलायचा.

या देशात सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात. वडीलधाऱ्या माणसाला ‘सिल्व्हानो’ म्हणायला माझी जीभ पहिले सहा महिने वळत नव्हती. मग वळली, आणि ‘तो’ हा ‘तो’च झाला. म्हणून लिहितेही तसंच.

त्याचं काम म्हणजे कबरींवरचे दगड. शहरातल्या एका दगडाच्या कारखान्यात त्यानं सदतीस वर्षं नावं कोरली, देवदूत कोरले, हात जोडलेल्या मारिया कोरल्या. पुढे तिथे मशिनं आली. कॉम्प्युटरवर नाव टाइप करायचं, रबराचा साचा लावायचा, वाळूचा फवारा मारायचा, अर्ध्या तासात माणूस तयार. म्हणजे मेलेला माणूस. सिल्व्हानोला घरी बसवलं. पण तो बसेल तर ना! घराच्या गॅरेजमध्ये त्यानं स्वतःचं दुकान मांडलं. भिंतीला छिन्न्या ओळीनं टांगलेल्या, टोकदार, चपट्या, दातेरी. खाली कानशी. धूळ इतकी, की पायांचे ठसे उठायचे. बसायला एकच जागा होती. दोन टायर एकावर एक ठेवून वर फळी टाकलेली. पाहुण्याची खुर्ची. मी तिच्यावर बसून किती कप कॉफी प्यायले असेन, देवाला ठाऊक.

खोकला त्याला तेव्हापासूनच. कोरडा, आत कुणी कानस चालवतंय असा. मास्क लाव म्हटलं तर म्हणायचा, ‘दगडानं मला पोसलं, थोडं मला खाल्लं तर काय बिघडलं?’

काम करताना त्याला हाक मारायची सोय नव्हती. नाव कोरताना एकेक अक्षर तो तोंडानं म्हणायचा, पुढचं अक्षर येईपर्यंत मागचं ओठांवर धरून ठेवायचा. मध्ये बोललं तर हात वर करायचा, ‘पियानो, पियानो.’ म्हणजे हळू, हळू. कुणाला? तर मला नव्हे, स्वतःच्या हाताला.

नऊ वर्षांपूर्वी आमचे ग्रेगरी गेले. दगडाचं बघायला मुलगा ऑफिसातून ऑफिसात फिरत होता. सिल्व्हानो आला, टायरवरच्या पाहुण्यासारखा आमच्या सोफ्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, ‘ग्रेगोरियोला मशिन हात लावणार नाही. काय लिहायचं?’

मी म्हटलं, नाव इंग्रजीत, आणि खाली एक ओळ मराठीत. ‘आता विसावा घ्या.’ ते रात्रपाळी करून आले की मी हेच म्हणायचे.

‘लिहून दे.’

मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. त्यानं तो कागद उलटासुलटा धरला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘ही वरची रेघ काय आहे?’

‘ती अशीच असते. अक्षरं तिच्याखाली असतात.’

‘हं. दोरीवर धुणं.’

‘काय?’

‘दोरी आधी बांधायची, मग कपडे टांगायचे. अस्सुंता तसंच करते.’

आणि खरंच, त्यानं आधी ती रेघ कोरली. कॅनडाच्या काळ्या ग्रॅनाइटवर एक सरळ, बारीक दोरी. मग एकेक अक्षर टांगलं. प्रत्येक अक्षराला मला गॅरेजमध्ये बोलावून घ्यायचा. ‘हे म्हण.’ मी म्हणायचे, ‘वि.’ तो म्हणायचा, ‘वि.’ मग हातोडी. ‘हे म्हण.’ ‘सा.’ अशी दोन दिवस मी नवऱ्याला विसावा घ्यायला सांगत होते, एकेक अक्षर करून. रडायला वेळच दिला नाही त्यानं. आजही त्या कबरीपाशी गेले की ते शब्द मला त्याच्याच आवाजात ऐकू येतात.

तेव्हा मी विचारलं होतं, ‘ग्रॅनाइट का? मार्बल नको का?’

तो म्हणाला, ‘मार्बलला इथली थंडी बाधते. ओल आत शिरते, गोठते, फुगते. साखरेसारखा दाणा सुटतो. मी सगळ्यांना सांगतो, कॅनडात मरायचं तर ग्रॅनाइटमध्ये मरा.’

‘मग लीना?’

तो छिन्नीचं टोक अंगठ्यावर घासत राहिला. मग म्हणाला, ‘ग्रॅनाइटमध्ये गाल येत नाही, फिलोमेना.’

लीना त्याची मुलगी. एकुलती. एकोणिसाव्या वर्षी गेली, मी इथे यायच्या कितीतरी आधी. तिला मी पाहिली ती दगडातच. सेमेटरीच्या जुन्या भागात, दोन स्प्रूसच्या झाडांमध्ये, उंच चौथऱ्यावर एक मुलगी बसलीय. अनवाणी. मान जराशी वळवलेली आणि एका हातानं केस कानामागे सारतेय. बस, एवढंच. पंख नाहीत, क्रॉस नाही, मिटलेले डोळे नाहीत. कुणीतरी हाक मारली म्हणून बघितल्यासारखी बसलीय. तिच्यासाठी सिल्व्हानोनं गावच्या खाणीतला मार्बल जहाजानं मागवला होता. आजूबाजूच्या इटालियन कबरींवर चिनीमातीचे लंबगोल फोटो बसवलेले असतात, माणूस हसतोय, लग्नातला कोट घातलाय. लीनाच्या दगडावर फोटो नाही. सिल्व्हानो म्हणायचा, ‘ज्याला कोरता येत नाही तो फोटो चिकटवतो.’ गर्व होता त्याला, आणि का नसावा? त्या पायांची बोटं बघितली असतीत तुम्ही! करंगळीचं नख आत वळलेलं, तेसुद्धा.

पण चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच जरा विरघळल्यासारखा होता. साबणाची वडी चार दिवस वापरल्यावर होते ना, तसा. नाक, ओठ होते, पण कडा गेल्या होत्या.

त्याला ते दिसत नव्हतं का? सगळ्यांच्या आधी दिसत होतं. म्हणूनच तर दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तो तिला गुंडाळायचा.

हे समजायला आधी त्याचं अंजीर समजायला हवं. त्याच्या बॅकयार्डात अंजिराचं झाड होतं. इथल्या थंडीत अंजीर जगत नाही, पण इथले सगळे म्हातारे इटालियन ते जगवतात. फांद्या दोरीनं एकत्र आवळायच्या, वरून जुनी ब्लँकेटं, त्यावर ताडपत्री, त्यावर दोरी आणि शेंड्यावर उपडी बादली. एप्रिलमध्ये सोडायचं. सिल्व्हानोचं झाड त्याच्या आईच्या अंगणातल्या फांदीपासून केलेलं, चाळीसहून जास्त हिवाळे काढलेलं. ऑगस्टात अशी जांभळी अंजिरं द्यायचं की आमची नात रियासुद्धा फोन बाजूला ठेवायची. पहिल्या शनिवारी अंजीर, दुसऱ्या शनिवारी लीना. तसंच ब्लँकेट, तशीच ताडपत्री, तीच गाठ. ज्यानं झाड जगतं त्यानं मुलगी का जगणार नाही, असा त्याचा साधा हिशोब. दगडाचं त्याला सगळं कळत होतं, पण जिथे मार्बल जन्मतो तिथे दगडाला कुणी पांघरूण घालत नाही. ते काम त्याला शिकवलं अंजिरानं.

गाडी नव्हती म्हणून आधी ग्रेगरी त्याला न्यायचे, मग मी. एका वर्षी अस्सुंताचं लोकरीचं ब्लँकेट कसरीनं खाल्लेलं निघालं. मी माझी गोधडी दिली. आईच्या दोन लुगड्यांची, मीच शिवलेली. तिनं लीनाला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत लपेटलं, वरून ताडपत्री. गाठी मी मारल्या. आमच्या वाडीत केळीच्या लोंगराला, अख्ख्या घडाला, सुकी पानं बांधायचे, तसली गाठ, वाऱ्यानं सुटत नाही. सिल्व्हानोनं ती ओढून बघितली आणि म्हणाला, ‘ब्राव्हा. आता हवा आत जाणार नाही.’

मग त्यानं ताडपत्रीवरून तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘थंडी वाजणार नाही तुला,’ असं काहीतरी त्याच्या भाषेत म्हणाला. मला भाषा येत नाही, पण हे कळायला कुठली भाषा लागते?

टायरांचं मला अस्सुंतानं सांगितलं. तिच्या शेवटच्या वर्षी. पोटाचा कॅन्सर, हॉस्पिटलमधून घरी पाठवलेली. मी सूप घेऊन गेले होते. खिडकीतून समोर दिसत होतं, सिल्व्हानो कुणाच्या तरी गाडीपाशी नाणं घेऊन वाकलेला. मी हसून म्हटलं, ‘बघ तुझा नवरा.’

अस्सुंता हसली नाही. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं, त्यामुळे तिनं सांगितलं ते सगळं तुकड्या तुकड्यांत. नोव्हेंबर. पहिला बर्फ. लीना बेकरीत कामाला जायची, पहाटेची शिफ्ट. बापाची गाडी. बर्फाचे टायर आणून ठेवलेले, तेव्हा मागच्या दोनच चाकांना घालत. सिल्व्हानो म्हणाला, शनिवारी घालू. गुरुवारी गाडी पुलावरून घसरली.

‘टायर?’ मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

‘गॅरेजमध्ये,’ ती म्हणाली. ‘तू बसतेस त्यावर.’

मी घरी आले आणि बाथरूमचं दार लावून बसून राहिले. चौदा वर्षं मी त्यावर बसून कॉफी प्यायले. त्यानं कधी नाही म्हटलं नाही. उलट फळी पुसून द्यायचा.

जाण्याआधी अस्सुंतानं एकच गोष्ट मागितली. लीनाचे सगळे फोटो तिच्याबरोबर शवपेटीत ठेवायचे. बाप्तिस्म्याचा, कम्युनियनचा, समुद्रावरचा, सगळे. इतकी वर्षं तिनं ते उशीच्या खोळीत ठेवले होते आणि नवऱ्याला बघू दिले नव्हते. राग होता की काय होतं, ते मी कोण सांगणार? सिल्व्हानोनं सगळे फोटो तिच्या हाताखाली ठेवले. मीच म्हटलं, ‘अरे, एक तरी ठेव.’ त्यानं मान हलवली. ‘तिला फोटो असू दे. माझ्याकडे दगड आहे.’

तर असं झालं की लीनाचा चेहरा या जगात एकाच ठिकाणी उरला.

तीन वर्षांपूर्वी सेमेटरीच्या ऑफिसातून पत्र आलं. जुने पुतळे तपासतायत, कुणाचं डोकं, हात पडून लोकांना लागू नये म्हणून. मे महिन्यात आम्ही गेलो. दगडांची डागडुजी करणारी एक बाई आली होती, तिशीतली, गुडघ्यावर पॅड बांधलेली, गळ्यात भिंग. सिल्व्हानो तेव्हा ऐंशी ओलांडून बराच पुढे गेलेला, नाकात ऑक्सिजनची नळी, सोबत चाकांचं छोटं मशिन. तरी कागदी टोपी घालून आला. एका कारागिराला दुसरा भेटणार होता ना.

तिनं लीनाच्या गालाला नुसतं बोट लावलं. बोटावर दाणे आले, रव्यासारखे. चेहऱ्यावर तोवर डोळ्यांच्या जागी दोन खळगे होते आणि मध्ये एक उंचवटा. कान आणि केस सारणारा हात एकमेकांत मिसळून गेलेले.

‘थंडीत याला झाकतं का कुणी?’ तिनं विचारलं.

सिल्व्हानो ताठ झाला. ‘मी. चव्वेचाळीस वर्षं. एक हिवाळा चुकवला नाही.’

‘कशानं?’

‘लोकर. गोधडी. वरून ताडपत्री. घट्ट.’

 चांगली होती हो ती. खाली वाकली आणि पायांपाशी भिंग धरलं. मग तिनं त्यालाच बोलावलं. ‘हे बघा. हे पाय झाकले जात नव्हते ना?’

‘ताडपत्री पुरत नव्हती.’

‘बोटं बघा. नखं बघा. कालच कोरल्यासारखी आहेत.’

मला आधी कळलं नाही. सिल्व्हानोला कळलं. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं.

ती हळू आवाजात सांगत होती. झाकायचं असतं तर लांबून, लाकडाचं खोकं करून, वारा खेळता ठेवून. घट्ट गुंडाळलं की ओल बाहेर जात नाही. लोकर पाणी धरून ठेवते, चेहऱ्याशी. दिवसा वितळतं, रात्री गोठतं. उघडी राहिली असती तर झीज झाली असती, पण एवढी नाही. ‘तुम्हाला कुणी सांगितलं नसेल,’ ती म्हणाली.

सिल्व्हानोनं लीनाच्या पायाचा अंगठा मुठीत धरला. लहान मुलाचा धरतात तसा. आणि तसाच उभा राहिला. त्या गाठी माझ्या होत्या. मी कुठे बघू मला कळेना.

परत येताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. ‘मी तिला झाड समजलो.’

त्यानंतर महिनाभर गॅरेजचं शटर उघडलं नाही. रियानं तिच्या परीनं धडपड केली. ‘आजी, देअर मस्ट बी अ यरबुक,’ म्हणाली, म्हणजे शाळेचं दरवर्षीचं फोटोंचं पुस्तक, आणि लीनाच्या जुन्या शाळेत जाऊन खरंच शोधलं. एक फोटो मिळाला. वर्गाचा. पन्नासएक मुलंमुली, तिसऱ्या रांगेत लीना, नखाएवढी. आणि नेमके फोटो काढताना तिचे डोळे मिटलेले. रियानं तो मोठा करून आणला. सिल्व्हानोनं चष्मा पुसून बघितला आणि परत दिला.

‘थँक यू, बेल्ला. डोळे मिटलेली मी बघितलीय.’

आणि मग पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तो माझ्या दारात. पिशवीत छिन्न्या. ‘सेमेटरीला सोडशील?’

मी म्हटलं, ‘डॉक्टरनं धुळीत जायला बंदी केलीय.’

‘म्हणून तर पाण्याची झारी घेतलीय. तू पाणी घाल, धूळ उडणार नाही.’

त्याचं म्हणणं असं. वरचा दगड मेलेला आहे, आतला जिवंत. मेलेला काढायचा आणि आत पुन्हा चेहरा कोरायचा. मी म्हटलं, मग लहान होईल की. ‘होईल,’ तो म्हणाला. ‘गाल आत जातील, नाक आखूड होईल. मोठ्या मुलीत लहान मुलगीच बसेल.’

हे ऑफिसला विचारून करायचं काम होतं. आम्ही विचारलं नाही. मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी असली लबाडी करायला लावली त्यानं. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी जायचो. तो छोट्या शिडीच्या पायरीवर, ऑक्सिजनचं मशिन चौथऱ्यावर घरघरतंय, मी झारी धरून. दहा ठोके, मग पाच मिनिटं दम. दहा ठोके, मग दम. ‘पियानो, पियानो.’ हात थरथरायचा, पण छिन्नी दगडाला टेकली की थांबायचा. ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दम घेताना बोलायचा. तेव्हाच त्यानं स्टेशनची गोष्ट सांगितली, जी अस्सुंतानंही मला सांगितली नव्हती. तो आधी एकटा आला होता कॅनडात. लीना तेव्हा तीन वर्षांची. दोघींना बोलवायला चार वर्षं लागली. त्या बोटीनं आल्या, मग ट्रेननं टोरांटोला. हा स्टेशनवर उभा, हातात बाहुली. गर्दीत तो तीन वर्षांचं मूल शोधत होता. अस्सुंता दिसली, तिच्या शेजारी एक लांब पायांची पोर. यानं बायकोला विचारलं, ‘ही कुणाची?’

‘अस्सुंता रडायला लागली,’ तो म्हणाला. ‘पण लीना पुढे आली. माझा कोट ओढला. म्हणाली, तू सिल्व्हानो आहेस का? तिच्याकडे माझा फोटो होता. तिनं मला ओळखलं, फिलोमेना. मी तिला नाही.’

मी झारीतलं पाणी घातलं. 

दोन उन्हाळे लागले. चेहरा आत आत जात होता. आधी सोळासतराची दिसायला लागली. मग एका जागी खाली भेग निघाली आणि आणखी खोल जावं लागलं. बारा वर्षांची. मग त्याहून लहान. अंग एकोणिसाचं, हात केस सारणारा, आणि मान वळवून बघणारा चेहरा सहासात वर्षांच्या पोरीचा. परक्यानं बघितलं तर विचित्रच वाटेल. वाटतंही. लोक थांबून बघतात.

सिल्व्हानो फेब्रुवारीत गेला. त्याचं नाव चौथऱ्यावर अस्सुंताच्या नावाखाली घातलंय, मशिननं, अर्ध्या तासात. गॅरेजमधले ते टायर त्याच्या पुतण्यानं नेले, कुठे ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पण मला तो दिसतो तो त्याआधीच्या ऑक्टोबरातला. दुसरा शनिवार. त्यानं बोलावलं म्हणून मी सवयीनं गोधडी घेऊन गेले होते, आणि मग ती हातातच राहिली. हवेत बारीक बर्फ होता, त्या वर्षी लवकर पडला. त्यानं कानशीनं पापणीची कड घासली, ओल्या फडक्यानं चेहरा पुसला आणि शिडीवरून उतरला. मागे, अजून मागे, स्प्रूसच्या बुंध्यापर्यंत गेला. बराच वेळ बघत राहिला.

‘ही तीच आहे का?’ त्यानं मला विचारलं.

 मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. जिनं पाहिलं होतं ती अस्सुंता जमिनीखाली, फोटोंसकट. मी खोटं बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यानं माझ्याकडे असं बघितलं की खोटं गिळलं.

‘मला नाही ठाऊक, सिल्व्हानो.’

‘मलाही नाही,’ तो म्हणाला.

मी म्हटलं, ‘चल, बर्फ वाढतोय. रस्ता निसरडा होईल.’

‘टायर घातलेस?’

‘घातले. पंधरा दिवस झाले.’

‘ब्राव्हा. गाडी गरम कर. येतो मी.’

मी गोधडी घेऊन गाडीत येऊन बसले. काचेवरचा बर्फ वायपरनं बाजूला केला तेव्हा तो दिसला. लीनाच्या बरोबर समोर, ती ज्या बाजूला मान वळवून बघते तिथे उभा. त्यानं नाकातली नळी काढून गळ्यात सोडली होती. मग डोक्यावरची कागदी टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, फडक्यानं भुवयांवरची धूळ पुसली. तोंड पूर्ण मोकळं केलं. आणि दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभा राहिला, बर्फात, तिला नीट दिसावा असा.